शालनचा शनिवार

शालन, तुझा कोर्स त्यांनी माझ्या गळ्यात घातलाय.

हे ऐकलं असतंस तर आधी पोट धरून हसली असतीस आणि मग म्हणाली असतीस, "मेली गं पोरं आता." तुला जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. आटपाडीला तुझे दिवस करून आम्ही साताऱ्याला परत आलो, कॉलेज उघडलं, प्रवेशाची झुंबड सुरू झाली आणि सोमवारी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, "चौगुले मॅडम, शालन मॅडमच्या त्या ऐच्छिक कोर्सचं काय करायचं ते तुम्हीच सांगा. शुक्रवारपर्यंत कुणी तयार झालं नाही तर यंदापासून बंद करावा लागेल." मी म्हटलं, माझा विषय रसायनशास्त्र, मला त्यातलं काय कळतंय? तर हसून म्हणाले, "तुम्हाला नाही तर कुणाला कळणार? इतकी वर्षं त्यांच्याशी त्यावरूनच भांडत होता की."

भांडत होते, हे खरंय. स्टाफरूममध्ये भांडले, एसटीत भांडले, एकदा तर सांगलीला माझ्या माहेरी हळदीच्या पोत्यांवर बसून भांडले, आणि आई मध्ये पडून म्हणाली की आधी जेवून घ्या आणि मग काय ते मारामारी करा.

बाहेरच्या माणसाला सांगायला गेलं तर तो कोर्स म्हणजे काहीच नव्हतं. पहिल्या वर्षाला नव्यानं आलेल्या पोरांसाठी दर शनिवारी दोन तास, गणपती-दसरा होईपर्यंत. कागदावरचं त्याचं नाव इतकं भारदस्त होतं की तुलासुद्धा धड पाठ नव्हतं. पोरं आपली "शालन मॅडमचा शनिवार" म्हणायची. योगा, फोटोग्राफी, मोडी लिपी असे सगळे ऐच्छिक कोर्स यादीत असायचे आणि तुझा सगळ्यात खाली. त्यात विषय असा नव्हताच. कॉलेजात आलोय, तर आता इथं राहायचं कसं, एवढंच तू शिकवायचीस.

आणि तो निघाला माझ्या ओरडण्यातून, हे मी सगळ्यांना अभिमानानं सांगत आलेय. आपण दोघी नव्या होतो, तू भूगोलाची, मी रसायनाची, एकाच भाड्याच्या खोलीत राहायचो. माझ्या पहिल्याच प्रॅक्टिकलला दोन पोरी अनवाणी लॅबमध्ये शिरल्या. चपला बाहेर, दाराशी, भिंतीला लावून नीट जोडीनं ठेवलेल्या. गावच्या शाळेत वर्गाबाहेर चपला काढायच्या, तीच सवय घेऊन इथं आलेल्या. इकडं ॲसिडच्या बाटल्या उघड्या आणि यांचे पाय उघडे. मी अशी ओरडले की शेजारच्या लॅबमधली माणसं बघायला आली. आजही सांगते, बरोबरच ओरडले. ॲसिडला कुणाचं गाव कळत नाही.

संध्याकाळी तुला सांगितलं तेव्हा वाटलं, तू पोरींची बाजू घेऊन बसणार. तर तू म्हणालीस, "ओरडलीस ते बेस केलंस. पर मला सांग, लायब्ररीत चपला काढायच्या का न्हाई? हापिसात? प्राचार्यांच्या खोलीत? हे त्यास्नी कुणी सांगितलंय?"

"हे काय सांगायचं असतं का?" मी म्हटलं.

"मला न्हवतं म्हाईत," तू म्हणालीस.

मग तुझी गोष्ट सांगितलीस. मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातली तू पहिलीच शिकायला बाहेर पडलेली. साताऱ्यात कॉलेजचा पहिला दिवस, तू वर्गाबाहेर चपला काढून आत गेलीस आणि तास संपल्यावर बाहेर येऊन बघतेस तर चपला नाहीत. कुणीतरी चेष्टा म्हणून लपवल्या. पाऊस लांबलेला, रस्ता तापलेला, तू भर बाजारातून अनवाणी होस्टेलला गेलीस. "डांबर असं पोळत हुतं गं, मी निम्मी वाट नाचतच गेले," असं म्हणून तू खदाखदा हसलीस आणि मला चहा गाळून दिलास. माझी असली एकही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. तू चहा गाळता गाळता सांगून मोकळी झालीस. त्या दिवसापासून मला तुझं नवल वाटत आलंय, शालन, आणि ते काही कमी झालं नाही.

दोन-तीन वर्षांनी ऐच्छिक कोर्सांची टूम निघाली आणि तू अर्ज करून टाकलास. पहिल्याच शनिवारी वर्गभर पोरं घेऊन तू सगळं कॉलेज फिरलीस, सगळ्यांच्या पायात चपला. लायब्ररी झाली, ऑफिस झालं, जिमखाना झाला आणि शेवटी सरळ प्राचार्यांच्या खोलीत. तेव्हाचे प्राचार्य म्हणजे कडक माणूस. एवढी पोरं चपला फटफटवत आत शिरलेली बघून ते खुर्चीतून उठलेच. तू म्हणालीस, "बसा बसा सर, आमी नुस्तं बघायला आलोय." मी दारात उभी होते. मला वाटलं, आता हिची नोकरी गेली. प्राचार्यांनी उभ्याउभ्याच एका पोराला विचारलं, कुठल्या गावचा रे तू? तो पोरगा बोलेना. तू त्याला मदत केली नाहीस. सगळ्यांनी वाट बघितली, प्राचार्यांनीसुद्धा, आणि शेवटी त्यानं गाव सांगितलं.

ही वाट बघणं मला कधी जमलं नाही. ऑफिसच्या खिडकीचंही तसंच. पोरं बोनाफाईड काढायला मामाला घेऊन यायची, चुलत्याला घेऊन यायची. तू सांगायचीस की या शनिवारी प्रत्येकानं एकट्यानं खिडकीवर जायचं. आणि तू नळापाशी उभी राहून लांबून बघायचीस. निम्मी पोरं खिडकीत वाकून पहिला शब्द काय बोलायची, तर "सर, चुकलं." अजून काही मागितलेलं नाही, काही केलेलं नाही, आणि चुकलं. तू त्यांना परत बोलवायचीस. "काय चुकलं ते मला सांग. सांगता येत न्हाई? मग जा, आणि कागद माग." पोरं परत जायची. काही तीनदा-चारदा जायची. तू नळापाशी तशीच उभी.

आणि तो माझा शनिवार. तू मला म्हणालीस, माझ्या पोरांना एक तास शिकव. रोज शिकवतेस तसंच, फक्त सगळं इंग्रजीत आणि तुझ्या नेहमीच्या वेगानं. मला बरं वाटलं, म्हटलं, चला, हिला माझी किंमत कळली. पोरांना तू आधी सांगून ठेवलं होतंस की जिथं कळलं नाही तिथं हात वर करायचा आणि मॅडमना "थांबा" म्हणायचं. हे मलाही माहीत होतं. मी शिकवायला लागले. फळा भरला, पुसला, परत भरला. कुणी थांबवेना. सगळ्यांच्या माना डुलतायत, सगळ्यांच्या वह्यांत उतरतंय. मी तुझ्याकडं बघितलं. तू शेवटच्या बाकावर हाताची घडी घालून बसलेली, मला नुसती मान हलवून सांगतेस की चालू दे. अर्धा तास झाला असेल. आपण काय बोलतोय हे आता मलाच धड ऐकू येईना, इतकी ती शांतता अंगावर यायला लागली.

मग खिडकीजवळची एक पोरगी उभी राहिली. तुझ्याच भागातली होती. हात वर करायचं विसरली आणि म्हणाली, "आवं मॅडम, थांबा की जरा. मला पयल्यापास्नंच काय कळलं न्हाई."

तू जागची उठलीस. सावकाश पुढं आलीस आणि सगळ्यांना विचारलंस, "कुणाकुणाचं कुठपास्नं सुटलं, सांगा." एकेक हात वर. कुणाचं दुसऱ्या ओळीपासून, कुणाचं फळ्यावरच्या त्या बाणापासून. एक पोरगा म्हणाला, "मॅडमनी सोताचं नाव सांगितलं, तिथपास्नं." वर्ग फुटला हसून. मी तणतणत बाहेर पडले आणि दोन दिवस तुझ्याशी बोलले नाही. पण पुढच्या आठवड्यात माझ्या नेहमीच्या तासाला, भर शंभर पोरांत, एक हात वर आला आणि आवाज आला, "मॅडम, थांबा." मी थांबले. परत सांगितलं. मग दुसरा हात. त्या वर्षी माझा पोर्शन इतका मागं पडला की मला जादा तास घ्यावे लागले. त्यावरूनही तुला बोलले. तू म्हणालीस, "पडू दे की. कुठं पळून जातोय पोर्शन?"

मी तुला सांगितलं नाही, ते आता सांगते. नोकरीला लागल्यापासून मला कुणी थांबवलं नव्हतं. मी समजत होते, माझं शिकवणं सगळ्यांना कळतंय. तू एका शनिवारी, एक शब्द न बोलता, शेवटच्या बाकावर बसून एवढं मोठं काम केलंस, आणि ती अर्ध्या तासाची शांतता कशी सोसलीस हे मला अजून उमगलेलं नाही. मी असते तर पाचव्या मिनिटाला पोरांवर खेकसले असते. मी थक्क झाले होते गं. फणकाऱ्यात होते म्हणून ते तोंडातून निघालं नाही.

असल्या गोष्टी बोलायची आपल्यात पद्धतच नव्हती. चातुर्मासात मी दिवस मावळल्यावर जेवत नाही, हे सगळ्या स्टाफला माहीत होतं, पण मीटिंग लांबली की मी मूग गिळून बसायचे. तू उभी राहायचीस. "सर, आमच्या मॅडमचं जेवण बुडतंय, राहिल्यालं उद्या बोलू," असं भर सभेत म्हणून माझा डबा माझ्यासमोर आणून ठेवायचीस. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुला मी नंतर झापायचे. आभार कधी मानले नाहीत, आणि तूही त्यांची वाट बघितली नाहीस.

आता आपलं भांडण. ते मला नीट लिहू दे, कारण ते तसंच राहिलंय.

माझं म्हणणं साधं होतं. इतका चांगला कोर्स आहे तर तो सगळ्यांना सक्तीचा कर. ज्या पोराला त्याची खरी गरज असते, तेच पोर घाबरून तो घेत नाही, आणि योगा घेऊन मागं बसतं. तू ऐकायची नाहीस. तुझं म्हणणं, नवीन आलेल्या पोरानं त्या यादीत स्वतःच्या हातानं खूण करायची, म्हणजे मला इथं जड जातंय हे स्वतः कबूल करायचं. तेवढं केलं की निम्मं काम झालं. सक्ती केलीस तर तेच जातं. मी म्हणायचे, तुझ्या या तत्त्वापायी पोरं हातची जातायत. तू म्हणायचीस, "तू समद्यास्नी कोंबायला बघतीस."

मग तो मेढ्याकडचा पोरगा. डोंगरातल्या वाडीवरचा, माझ्या विषयात लखलखीत डोकं. त्यानं तुझा कोर्स घेतला नव्हता, मित्रांनी घेतला म्हणून फोटोग्राफी घेतली होती. वर्गात कधी तोंड उघडलं नाही. दिवाळीच्या सुट्टीला गेला तो आलाच नाही. मी तुला म्हटलं, चल, बघून येऊ. एसटीनं मेढ्याला गेलो, तिथून जीपनं वाडीवर. तो घरी नव्हता, साताऱ्यालाच एमआयडीसीत कामाला लागला होता. त्याच्या आईनं आपल्याला बसायला घोंगडी टाकली. म्हणाली, "त्यो म्हणतोय तितं आपल्यासारखं कोन न्हाई. आमी काय सांगनार? आमी कदी बगितलंय व्हय कालेज?" त्याला निरोप ठेवला, फोन केले. तो काही परत आला नाही.

येताना एसटीत मी तुला सोडलं नाही. म्हटलं, तुझा कोर्स सक्तीचा असता तर हा पोरगा आज वर्गात बसला असता. तू खिडकीबाहेर बघत होतीस. म्हणालीस, "बसला असता. पर आला असता का?" मी म्हटलं, शब्दांचे खेळ करू नकोस, निदान बसला तरी असता. साताऱ्याचा स्टँड येईपर्यंत तू बोलली नाहीस. तुला उत्तर सुचलं नाही असं मला वाटलं आणि मी जिंकले म्हणून खूश झाले. पण दुसऱ्या दिवशी तुझा चेहरा बघितला आणि कळलं की तू रात्रभर झोपली नव्हतीस.

त्याच हिवाळ्यात तुझं दुखणं निघालं. मिरजेच्या दवाखान्यात मी आले होते तेव्हा तुझा आवाज खोल गेला होता. तरी तू हातानं मला जवळ बोलावलंस. "आपलं भांडण निम्मं राहिलंय," म्हणालीस. "माझ्या ध्यानात हाय." मी म्हटलं, आधी बरी हो, मग बघते तुझ्याकडं. तू हसलीस. तुझ्या मनात काय उत्तर तयार झालं होतं ते मला हवं होतं गं. अजून हवंय.

तर, प्राचार्य. मी नाही म्हणतेय असं बघून त्यांनी शेवटचं काढलं. "तुम्ही घेणार असाल तर तुमच्या म्हणण्याप्रमाणं सक्तीचा करतो. पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना. तुमचंच म्हणणं होतं ना?" इतकी वर्षं ज्यासाठी घसा फोडला ते कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं. चार दिवस मला काही सुचलं नाही. शुक्रवार यायला लागला तसं मला कळत गेलं की सक्तीचा केला तर मला तो शिकवता येईल. सगळ्यांना कोंबून बसवायचं, दार लावायचं, ओरडायचं. ते मला येतं. तुझ्यासारखं शेवटच्या बाकावर बसून वाट बघणं मला येत नाही, आणि तुझ्या कोर्सात तेवढंच होतं. ते मी बिघडवलं तर पोरं त्यालाच शालन मॅडमचा शनिवार समजतील, ही माझी भीती. आणि नाही म्हटलं तर शनिवारच राहणार नाही.

शुक्रवारी जाऊन सांगितलं, मी घेते. ऐच्छिकच ठेवा. तू जिंकलीस असं समजू नकोस. मला तुझं म्हणणं अजून पटलेलं नाही. पण मी एक अट घातली, प्रवेशाच्या टेबलावर ऐच्छिक विषयांपाशी मी स्वतः बसणार. प्राचार्य म्हणाले, मॅडम, तुम्हाला बघून पोरं पळतील. म्हटलं, पळू देत, मी मागं जाईन.

आठवडाभर बसले. ज्यानं तुझ्या कोर्सावर खूण केली नाही त्या प्रत्येकाला विचारलं की का घेत नाहीस. बरीच पोरं खरोखर पळाली. काहींनी भिऊन खूण केली, त्यांना मी परत खोडायला लावली आणि घरी जाऊन विचार करून या म्हटलं. बघ, तुझ्यामुळं काय काय करावं लागतंय मला.

आज दुपारी एक पोरगी आली, वडिलांबरोबर. वडील फौजेतून रिटायर झालेले, ताठ, कागद सगळे फायलीत क्रमानं. पोरगी त्यांच्या मागं. तिनं योगावर खूण केली होती. मी विचारलं, "हा शनिवारचा का नाही घेतलास गं?" तिनं खाली बघितलं. वडीलच बोलले, "नको मॅडम, ते भित्र्या पोरांसाठी हाय म्हनं. आमची पोर कशाला भेत न्हाई. फौजीची पोर हाय."

मी काय बोलणार होते ते मला ठाऊक नव्हतं. शपथेवर सांगते. तोंडातून निघालं, "ती भीत नसेल हो. मी भितेय."

ते बघतच राहिले. मी त्या पोरीलाच म्हटलं, "हा कोर्स माझ्या मैत्रिणीचा होता. ती गेली. मी कधी शिकवलेला नाही आणि मला येईल असं वाटत नाही. मला वर्गात कुणीतरी हवंय."

त्यांच्या मागं रांग होती, टेबलावर दोन क्लार्क होते, सगळ्यांनी ऐकलं. कान तापले माझे. एरवी मी सारवासारव केली असती. या वेळी गप्प बसले. किती वेळ बसले माहीत नाही. पोरगी वर बघायला तयार नव्हती, वडील घसा खाकरत होते, रांगेतलं कुणीतरी कुरकुरलं, तरी मी बसून राहिले.

"मला बी भ्या वाटतंय, मॅडम," ती म्हणाली. आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तिनं योगावर काट मारली आणि तुझ्या कोर्सावर खूण केली.

वडिलांचा चेहरा उतरला. रागावले नाहीत ते. हळू आवाजात म्हणाले, "मग मला का न्हाई सांगितलंस, बाळ?"

"तुमी कवा इचारलं?" पोरगी म्हणाली.

मी त्यांना खुर्ची दिली आणि पुढच्या पोराला बोलावलं. उद्या पहिला शनिवार आहे, शालन. मला भीती वाटतेय. आधी त्या पोरीला सांगितलं, आता तुला सांगतेय.